उभं करणारी खुर्ची

"पट्टा घट्ट आहे ना?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"आई, पुरे गं!" शाल्मली म्हणाली.

ही खुर्ची गोल्फ क्लबला अनुदानातून मिळाली होती. बटण दाबलं की ती खेळाडूला उभं करते. लेक पडेल या भीतीने मी संमतिपत्रावर सही केली नव्हती.

"सही नंतर करा ताई, आधी बघा," म्हणत प्रशिक्षकांनी बटण दाबलं.

बाराव्या वर्षी झालेल्या अपघातानंतर चार वर्षं मी तिला बसलेलीच पाहत होते. खुर्ची वर जात राहिली. सावरायला मी तिचे खांदे धरू गेले, तर हात दंडांपर्यंतच पोचले.

"अगं आई, तू एवढीशीच आहेस?" गोल्फची काठी पेलत ती हसली.

मान वर करून मी तिच्याकडे पाहिलं.

"सर, पेन द्या," मी म्हटलं, "आणि ही खुर्ची देणाऱ्यांचा पत्ताही, आभार कळवायला."