आंघोळीचं गाणं

घरात कुणी आंघोळीला गेलं की सासू दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि आतल्या माणसाला गाणं म्हणायला लावायची. नवी सून पेइशान या खोडीला कावली होती. नवऱ्याला विचारलं तर तो विषय बदलायचा आणि स्वतः मुकाट्याने गायचा.

त्या दिवशी किलुंग शहरात पावसासोबत बोचरी थंडी होती. सासूने सुतळी बांधून कायम उघडी ठेवलेली गॅलरीची खिडकी पेइशानने सोडवून घट्ट लावली आणि ती आंघोळीला गेली. नळ सोडताच गॅलरीतला गॅसचा गीझर भक्कन पेटला.

"पोरी, गा गं!" बाहेरून हाक आली.

आज नाहीच गायचं, पेइशानने ठरवलं.

"मूग गिळलेस का? काहीही म्हण!"

बसू दे बोंबलत. वाफेत डोकं जड झालं होतं, डोळे मिटत होते.

"पेइशान! ओ तरी दे!"

आता मात्र द्यावीशी वाटली, पण आवाजच फुटेना. पाय लटपटले. दारावर धक्के बसले, कडी उचकटली. म्हातारीने तिला टॉवेलात गुंडाळून फरफटत गॅलरीत नेलं आणि खिडकी सताड उघडली.

"काय झालं, आई?" थंड वाऱ्यात पेइशान कशीबशी पुटपुटली.

"गीझरचा विषारी वायू. दिसत नाही की वास येत नाही," म्हातारी धापा टाकत म्हणाली. "तुझा सासरा छान गायचा. एकदा कडव्याच्या मध्येच थांबला. मला वाटलं, पुढचे शब्द आठवत नसतील."