दुसरी प्रतिमा

शेवटचा स्क्रू निघाला. रुपालीने कॅमेऱ्याचं वरचं झाकण अलगद उचललं, तसे समोर बसलेले अर्जुनराव पुढे वाकले.

"घावलं का काय?"

"आत्ता तर उघडलाय, काका."

ताथवड्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमधलं खिडकीजवळचं टेबल, एवढंच तिचं वर्कशॉप. आठवडाभर ती चाकणच्या एका कंपनीत मोजमापाची गेज तपासायची आणि रविवारी जुने कॅमेरे दुरुस्त करायची. मोशीहून बस बदलत आलेल्या अर्जुनरावांनी आपला कॅमेरा टॉवेलात गुंडाळून आणला होता. त्याच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की भर दुपारी तिन्हीसांज झाल्यासारखं दिसत होतं.

आत नखाएवढी एक तिरकी काच होती. तिच्यावर चांदीचा पातळ थर असतो. त्याच्यामुळे या जातीच्या कॅमेऱ्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, एक ठळक आणि एक फिकी. रिंग फिरवून अंतर जुळवलं की दोन्ही एकावर एक बसतात. इथे तो थर बुरशीने खाल्ला होता.

"काच गेलीय. नवी बसवते. बाकी सगळं ठणठणीत आहे."

"बाकी म्हंजी?"

"रिंगला जोडलेला आतला दांडा, स्प्रिंग. काहीच ढिलं नाही."

"नीट बघ, पोरी. कायतरी ढिलं असंल."

रुपालीने चिमट्याने दांडा हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

"नाही हो काका."

"असाया पायजे," अर्जुनराव म्हणाले.

तिने मान वर केली. ते खिडकीबाहेर बघत होते.

"आमची दुर्गा," ते म्हणाले. "आमचं लगीन होऊन तीन वर्सं झाली व्हती. शेतात मण्यार डसली. गावातल्या जाणत्यांनी नाडी बघितली, गेली म्हणले. मी साऱ्या गावाचे फोटो काढायचो, पर घरात तिचा एक फोटो न्हाई. म्हणून उचलायच्या आधी भितीला टेकवून बसवली अन् कॅमेरा काढला. तोंडावर फोकस लावला, तर दोन्ही बसंनात. बसायच्या, सुटायच्या. परत बसायच्या."

रुपालीच्या हातातला चिमटा थांबला.

"मी म्हणलं, ती हालतीय. लोक म्हणले, अर्जुना, डोळं भरल्यात तुजं, हात कापतोय. मलाबी मग तसंच वाटलं. दिवस बुडत आला व्हता, तशीच उचलली." त्यांनी टॉवेलाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "त्याच्यानंतर कॅमेरा डोळ्याला लावला न्हाई. तवाच आत कायतरी ढिलं झालं असंल. तेवढं सांग, म्हंजी मी जातो."

रुपालीने दांडा पुन्हा एकदा हलवून पाहिला. घट्टच होता. हात कापला तर दोन्ही प्रतिमा एकदमच थरथरतात. डोळ्यांत पाणी आलं तर दोन्ही एकदमच पुसट होतात. एकमेकींपासून सुटतात त्या फक्त अंतर बदललं तर. आणि मण्यार चावलेल्या माणसाचं सगळं अंग निपचित पडलं, तरी श्वास काही काळ चालू राहू शकतो, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. हे तिने वाचलेलं होतं.

तिने नवी काच बसवली. कोन पुन्हा पुन्हा तपासला. झाकण लावता लावता म्हणाली, "काका, हा कॅमेरा फक्त मधलं अंतर मोजतो. ते बदललं तर कोण हललं, हे त्याला कळत नाही."

"म्हंजी?"

"तुम्ही अगदी जवळ होता. श्वास घेतला की छाती पुढे येते, त्याच्याबरोबर कॅमेरा. बघा ना. जवळच्या त्या माठावर धरा आणि मोठा श्वास घ्या."

अर्जुनरावांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बराच वेळ गेला.

"उजेड झाला की गं," ते म्हणाले. मग छाती भरून श्वास घेतला. "सुटली." श्वास सोडला. "बसली." पुन्हा घेतला. "सुटली. माठ तर जागचा हालला न्हाई."

"नाहीच हलला."

"मंग मीच व्हतो व्हय."

"तुम्हीच होता, काका."

त्यांनी कॅमेरा खाली घेतला. टॉवेलाने तोंड पुसलं, मान पुसली. मग चहा मागितला, तोही साखर जास्त घालून, आणि सुनेला सांगू नकोस म्हणाले. चहा पिऊन उठताना त्यांना काहीतरी सुचलं.

"तुजा एक काढतो. उभी ऱ्हा तिकडं."

"रोल कुठाय आत?"

"न्हाई तर न्हाई. तेवढंच फुकटात."

"अहो, केसही विंचरले नाहीत मी."

"रोल न्हाई, केसं कोन बघतंय?"

रुपाली हसत भिंतीला टेकून उभी राहिली. अर्जुनराव दोन पावलं पुढे आले. कोपर बरगड्यांना घट्ट टेकले, पाय जरा फाकले, ओठ मिटले. म्हातारी बोटं रिंग फिरवू लागली.

आणि त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली व्हायची थांबली.

त्यांचं त्यांना कळलंही नसावं. इतकी वर्षं कॅमेरा न धरलेल्या अंगाने फोकस लावताना श्वास रोखायची ही एक सवय सोडली नव्हती. रिंग इकडे गेली, तिकडे गेली, एका जागी थांबली. छाती हलत नव्हती. शटर वाजलं, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

"बसल्या," अर्जुनराव खूश होऊन म्हणाले. "पयल्याच झटक्यात बसल्या. आता मोकळी हो की. एवढं जीव धरून उभं ऱ्हायचं नसतं, पोरी."