परसोंपासून

“मॅडम, ये कबसे है?”

हैदराबादच्या कोठी बाजारातल्या माशांच्या दुकानात दुकानदार अप्पारावनं पाण्याची पिशवी ट्यूबलाइटसमोर धरली. पिशवीत राणी होती, प्राजक्ताची लाडकी गोल्डफिश. तिचा एक डोळा वाटाण्यासारखा बाहेर आला होता आणि त्यावर पांढरी साय धरली होती.

“आठवडा झाला असेल,” प्राजक्ता म्हणाली. तिनं करायचं काय बाकी ठेवलं होतं? ऑफिसच्या धबडग्यात टाकीकडे नीट बघायला रविवार उजाडला. डोळा सुजलेला दिसला तशी तिनं सासूबाईंना विचारलं, कारण दिवसभर घरात त्या आणि माशांना दाणे घालणाऱ्याही त्याच. “परसोंपासून आहे गं,” त्रिवेणीबाई म्हणाल्या. परसों म्हणजे परवा. एकच डोळा, तोही परवाचा, म्हणजे कुठंतरी आपटली असणार, असा हिशेब पुण्याच्या या हुशार मुलीनं केला. वेगळा टब आणला, रोज थोडं पाणी बदललं, मीठ घातलं, टाकीतला टोकदार दगड काढून टाकला. ताज्या माराला एवढं पुरतं म्हणे.

“नै मॅडम, ये बहुत पुराना है,” अप्पाराव म्हणाला. “पहले लाते तो दवा चलती. मछली बच जाएगी. आँख गई समझो.”

अंबरपेठेत घरी पोचेपर्यंत ती नुसती धुमसत होती. चपला काढता काढताच तिचं तोंड सुटलं.

“आई, राणीचा डोळा नक्की कधी सुजला हो?”

त्रिवेणीबाई गवार मोडत बसल्या होत्या. “सांगितलं की, परसों. संक्रांतीच्या सुमारास.”

“अहो, होळी आली आता! आणि तुम्ही परवा म्हणालात?”

सोफ्यावर लोळलेला तिचा नवरा, अजय, खो खो हसत सुटला. “अगं येडे, हैदराबादचं परसों ते! इथं काल सोडून मागचं सगळं परसोंच. निजाम गेला तो परसों, बाबांची बदली झाली तीही परसों. जन्मल्यापासून ऐकतोय मी हे.”

त्रिवेणीबाईही हसल्या. प्राजक्तालाही हसू आलं, आणि अर्ध्यातच विरलं.

गेल्या महिन्यात सगळे जेवायला बसले होते. वाढता वाढता आमटी ताटाबाहेर सांडली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “डाव्या डोळ्यापुढं परसोंपासून धुकं येतंय गं.” दोन दिवसांचं दुखणं, त्याला कशाला डॉक्टर? उष्णता असेल म्हणून प्राजक्तानंच गुलाबपाण्याची बाटली आणून दिली होती. आणि माशाला मात्र रिक्षा करून कोठीला नेलं! तिला स्वतःची लाज वाटली.

ती सासूबाईंसमोर बसली. त्यांच्या उजव्या डोळ्यावर तिनं तळहात धरला.

“आई, मी दिसते का?”

“आवाज येतोय की,” त्रिवेणीबाई म्हणाल्या.

“तुमचं परसों कधीचं?”

“दसऱ्याच्या आधीचं असेल. तुम्ही दोघं कामात असता, कशाला उगाच.”

प्राजक्तानं तळहात काढला आणि मान वळवली. “अजय, त्या दिवशी जेवायला तूही होतास. मला परसोंचा अर्थ माहीत नव्हता. तुला होता.”

अजय उठून बसला.

“त्याला कशाला बोलतेस?” त्रिवेणीबाई घाईनं म्हणाल्या. “त्याच्या कानावर गेलं नसेल बिचाऱ्याच्या.”

“गेलं होतं,” अजय म्हणाला. “मला वाटलं, ही बघेल.”