मासा छाप

अध्यक्षांनी माईकवर टिचकी मारली, तशी वहिनींनी मांडीवरची कापडी पिशवी जवळ ओढली. पिशवीत दोन हातोडे होते.

लाकूड व्यापारी संघाची वर्षअखेरची सभा होती आणि सभागृहात एकही लाकडी खुर्ची नव्हती. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना पांढरे झगे घातले होते. पूर्वी ही सभा कुणाच्या तरी वखारीत, ओंडक्यांवर बसून व्हायची. बोलणारा थापा मारायला लागला की मागून कुणीतरी करवत सुरू करून द्यायचं. आता थापांना माईक होता आणि छापायला गुळगुळीत कागद. ‘वर्षअखेरचे वृत्त’ नावाचं रंगीत पुस्तक दर साली निघायचं. मागच्या साली त्यात संघाने जंगल लावलं होतं. वहिनी मुद्दाम बघायला गेल्या, तर तिथे फक्त पाटी उगवलेली.

अध्यक्ष यंदाचं वृत्त वाचत होते. संघातला सगळा माल म्हणे नीट वाळवलेला, पारखलेला. ज्याच्या चौकटी बसवल्यावर महिनाभरात तोंडं वेंगाडत, तो पुढच्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता.

वहिनी टाळ्या वाजवायला आल्या नव्हत्या. नवऱ्यामागे गुडघे चालले तोवर त्यांनी वखार चालवली होती. यंदा ती बंद केली. प्रत्येक वखारवाला ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर आपल्या हातोड्याने छाप मारतो. तो छाप म्हणजे त्याचा शब्द. वखार बंद झाली की तो हातोडा सभेत आणायचा आणि सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावरची खूण कानशीने घासून सपाट करायची, हा संघाचा जुना रिवाज. मग तो शब्द भलत्याच्या तोंडी जात नाही. वहिनींच्या वखारीचा छाप मासा. मासा दिसला की लोक डोळे मिटून दार घ्यायचे. तो मासा आपल्या डोळ्यांदेखत मिटला की त्या मोकळ्या होणार होत्या.

“आणि आता सर्वांत आनंदाची बातमी!” अध्यक्षांचा आवाज चढला. “मासा छाप मिटणार नाही! वहिनींनी तो मोठ्या मनाने संघाला अर्पण केला आहे. नव्या वर्षापासून आपल्या प्रत्येक सभासदाच्या मालावर मासा!”

वहिनींना कुणी विचारलंही नव्हतं. टाळ्यांचा गजर झाला. त्या पिशवी उचलून व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या.

अध्यक्षांनी माईकवर हात ठेवला. “वहिनी, आता मोडता घालू नका हं. पुस्तक छपाईला गेलंय. मुखपृष्ठावरचा फोटो तेवढा राहिलाय.”

“विचारायचं तरी होतंत.”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात!” स्वतःच्याच विनोदावर ते खुदकन हसले.

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. वडिलांचा कोट आणि वडिलांची खुर्ची, दोन्ही यांना आयती मिळालेली. लाकडाशी यांचा संबंध टेबलावर कोपर टेकण्यापुरता. आणि समोरचं टेबलसुद्धा कागदी मुलामा चढवलेलं, एका कोपऱ्यात फुगलेलं.

त्या टेबलावर त्यांनी पिशवी रिकामी केली. एका हातोड्याचा दांडा घामाने काळा पडलेला, मुठीच्या जागी झिजून बारीक झालेला. त्याच्या तोंडावर नुसता मासा. दुसरा जवळजवळ नवाकोरा. त्यावर तोच मासा, पण भोवती गोल.

“दोन आहेत?”

“दोन. एक तुम्ही ठेवा, एक रिवाजाला द्या. तुमच्या मालाला शोभेल तो तुम्हीच निवडा.”

काळ्या दांड्याला अध्यक्षांनी बोटसुद्धा लावलं नाही. कोरा हातोडा उचलून त्यांनी तो दिव्याकडे धरला. “हा! गोलामुळे कसा भारदस्त दिसतोय. मोहोरच जणू.”

पुढच्या रांगेत भुसाकाकांना जोराचा ठसका लागला. वहिनींच्या नवऱ्याचा जुना दोस्त, जन्मभर लाकूड कापायची गिरणी चालवलेला माणूस, भुवयांत कायम भुसा, म्हणून बाजारात त्यांचं हेच नाव पडलेलं. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला आणि मान खाली घातली.

“नक्की हाच ना?” वहिनींनी विचारलं.

“अगदी नक्की.”

“मग दुसऱ्यावर कानस चालू द्या. आत्ता. माझ्यासमोर.”

कानस चालली. आधी शेपूट गेली, मग पर, मग पोट. डोळा तेवढा खोल कोरलेला, तो शेवटपर्यंत टिकून राहिला. मग तोही गेला. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. फोटोवाला अध्यक्षांना हनुवटी वर घ्यायला सांगत होता. वहिनींनी त्या सपाट लोखंडावरून अंगठा फिरवला. ते अजून गरम होतं. त्यांनी ते पदराने पुसलं आणि हातोडा पिशवीत ठेवला.

जिन्यावर भुसाकाकांनी त्यांना गाठलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं.

“काय केलंत हो वहिनी! गोलातला मासा आमचा दोस्त कशावर मारायचा, विसरलात की काय?”

“विसरेन कशी? किडका, पोकळ, ओला. असा ओंडका आला की मारायचा आणि गाडी परत पाठवायची.”

“आणि आता तो सगळ्यांच्या मालावर बसणार?”

“मी हात लावला नाही काका. त्यांनी स्वतः पारखून घेतलाय.”

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात वृत्ताचं पुस्तक घरपोच आलं. मुखपृष्ठभर गोलातला मासा आणि खाली सोनेरी अक्षरं : ‘हीच आमच्या मालाची ओळख’. वहिनींनी चष्मा लावून ते पुन्हा एकदा वाचलं. इतक्या वर्षांत संघाने छापलेली ही पहिलीच खरी बातमी होती.