एका गाडीत चौघं

अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहरातल्या एका बावीस मजली ऑफिसात रोज हजार माणसं हजार गाड्या घेऊन यायची. सोबतीला शेजारच्या सीटवर लॅपटॉपची बॅग. हे थांबवण्यासाठीच नेमलेल्या लोर्नाला साहेबांनी गोड आवाजात बजावलं होतं, "वसंतात होणाऱ्या गाड्यांच्या मोजणीत एकट्यादुकट्यांच्या गाड्या निम्म्यावर आल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवसापासून तू घरीच बस. तेवढीच एक गाडी कमी."

लोर्नाने मग नियम काढला. गेटमधून येताना गाडीत चौघं असतील तर तळघरात पार्किंग फुकट, नाहीतर रोजचे तीस डॉलर. दोन महिन्यांत चमत्कार झाला. लिफ्टमध्येही एकमेकांकडे न बघणारे वकील आणि हिशेबनीस मांडीला मांडी लावून यायला लागले. मोजणीत एकट्याची गाडी औषधालाही सापडली नाही. साहेबांनी भर सभेत लोर्नाची पाठ थोपटली, "माणसं मुळात चांगलीच असतात, फक्त सांगणारं कुणी हवं."

केक आणायला म्हणून लोर्ना रस्त्यापलीकडच्या सुपरमार्केटला निघाली, अर्थात गाडीनेच, एकटीच. तिथल्या आवारात तीन चकरा मारल्या तरी जागा मिळेना. शेवटी काच खाली करून तिने रखवालदाराला विचारलं, "आज काही फुकट वाटताय का हो?"



"रोजचंच आहे, बाई. समोरच्या ऑफिसातले लोक सकाळी सातला इथं एकेक गाडी लावतात, आणि रस्ता ओलांडायला चौघं एका गाडीत बसतात."