प्रा. एडवर्ड थॅकर्ली

रविवारी चहा पिता पिता आमच्या ह्यांना एक वाक्य सुचलं आणि त्यांनी ते लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलं. 'इंटरनेटमुळे घराघरात एक प्रतिभावंत तयार होईल, पण त्याला ओळखायला घरात कुणी मोकळं नसेल.'

दुपारपर्यंत एक अंगठासुद्धा आला नाही. सकाळच्या 'जय भीम'ला मात्र अख्ख्या खानदानाने उत्तर दिलेलं. हे सारखा फोन उघडून बघत बसले.

"अहो, तुमचं वाक्य कोण वाचणार? खाली एखादं इंग्रजी नाव टाका," मी म्हटलं.

आम्ही राहतो ठाकुर्लीला. ह्यांनी वाक्य डिलीट करून पुन्हा टाकलं आणि खाली लिहिलं, 'प्रा. एडवर्ड थॅकर्ली, लंडन.'

मग काय! टाळ्या, गुलाबं, नमस्कार. पुतणीने तर स्टेटसला ठेवलं. हे खुर्चीत ताठ बसले.

संध्याकाळी माझ्या भावाचा, राजरत्नचा, मेसेज आला. तो कॉलेजात शिकवतो. 'दाजी, खात्री न करता काहीही टाकत जाऊ नका. मी थॅकर्ली पूर्ण वाचलाय. इतकं उथळ तो लिहूच शकत नाही.'

माझं डोकंच फिरलं. "थांबा, त्याला फोनच लावते. सांगते, तुझा थॅकर्ली इथे माझ्यासमोर लुंगीवर बसलाय म्हणून!"

"नको गं," हे म्हणाले आणि खाली मान घालून टाइप करू लागले.

'सॉरी राजरत्न. जसं आलं तसं पुढे पाठवलं.'