पाचवी डिव्हिजन

फुटबॉलची चौथी डिव्हिजन सगळ्यांत खालची. तिथून आणखी खाली ढकलायला जागाच नव्हती, म्हणून तिथल्या एका संघाचा कप्तान निर्धास्त होता. दरवर्षी संघ शेवटचा यायचा आणि दरवर्षी तो पोटावरून हात फिरवत म्हणायचा, "जमिनीवर झोपलेल्याला पडायची भीती कसली?" सरावाला निम्मे जण चपला घालून यायचे; गोलकीपर तर खुर्ची घेऊन.

यंदा नवे कोच आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले, "संघटना पाचवी डिव्हिजन काढतेय. जो शेवटचा येईल, तो खाली."

कप्तानाचा पोटावरून फिरणारा हात थांबला. पाचवी? सासरी तोंड कसं दाखवायचं? दुसऱ्या दिवसापासून सगळे पहाटे मैदानावर. पोटं आत गेली, खुर्ची घरी गेली, आणि धापा टाकत, एकमेकांवर खेकसत संघ चक्क पहिला येऊन तिसऱ्या डिव्हिजनमध्ये चढला.

करंडक हातात आल्यावर कप्तानानं हळूच विचारलं, "सर, पाचवीत गेलं कोण शेवटी?"

"कसली पाचवी? मीच सोडलेली पुडी होती ती."

कप्तानानं करंडक बाकावर आदळला.

"म्हणजे वर्षभर उगाच जिंकलो आपण!"